गार्डच्या डब्यातून : आधी माल जातो, मग गाडी

या महिन्याच्या पत्रांतली पाच पत्रं एकाच रुळावरची आहेत, म्हणून ती एकत्र घेतो. बाकीच्यांना पुढच्या अंकात उत्तरं मिळतील. कोकण रेल्वेच्या वेळापत्रकाबद्दल विचारणाऱ्यांनी मात्र कृपा करून स्टेशनवरच चौकशी करावी. मी गार्डच्या नोकरीतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली आणि गाड्यांच्या वेळा बदलत राहतात.

प्रश्न : आमचं घर कणकवली स्टेशनच्या जवळ आहे. मी सहावीत आहे. मी लहान असताना रात्री मालगाडीचं डिझेल इंजिन खूप वेळ धडधडत उभं असायचं. आजोबा म्हणतात, ते फुकट तेल जाळायचे. उभ्या गाडीचं इंजिन बंद का करत नव्हते? आणि आता ती इंजिनं गेली कुठं? भंगारात का?

बाळा, आजोबांना सांग, तेल जळत होतं हे खरं, पण ते फुकट जात नव्हतं. मालगाडीचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिनातला कॉम्प्रेसर हवा दाबतो आणि ती हवा पाइपातून पार शेवटच्या डब्यापर्यंत जाते. पाइपात हवा भरलेली असेल तोवर ब्रेक सुटलेले, हवा गेली की ब्रेक लागले. आता पन्नासेक वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, गाडी कणकवलीच्या लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी आहे आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं असं समज. कॉम्प्रेसर थांबला. कुठल्या ना कुठल्या जोडातून हवा हळूहळू गळायला लागली. तासाभराने सिग्नल पडला, तर आधी इंजिन सुरू करा, मग अर्ध्या किलोमीटरच्या वर लांबीच्या पाइपात पुन्हा हवा भरा. मागे माझ्या डब्यात हवेचा दाब दाखवणारं एक गेज असायचं. त्याचा काटा पाच किलोच्या जवळ येईपर्यंत मी ड्रायव्हरला हिरवा दिवा दाखवायचो नाही. एवढा वेळ मागच्यापुढच्या सगळ्या गाड्या खोळंबणार. त्यातून इंजिनची बॅटरी उतरलेली असली तर ते सुरूच व्हायचं नाही. एकेरी मार्गावर असं इंजिन बसलं की रत्नागिरीपासून मडगावपर्यंत सगळ्यांच्या झोपा उडायच्या. म्हणून कुठलाही शहाणा ड्रायव्हर इंजिन सहसा बंद करायचा नाही. उभ्या उभ्या तासाला वीसेक लिटर तेल जायचं, हेही खरं. पुढे काही इंजिनांत हवा आणि बॅटरी सांभाळण्यापुरतं एक छोटं इंजिन वेगळं बसवलं, त्याने ही नासाडी बरीच थांबली.

आणखी एक गोष्ट तुला आवडेल. ते डिझेल इंजिन चाकं फिरवतच नव्हतं, ते वीज बनवायचं. ती वीज चाकांच्या आसांवर बसवलेल्या मोटारींना जायची आणि मोटारी चाकं फिरवायच्या. आत्ताच्या इंजिनाला वरच्या तारेतून वीज मिळते. डिझेलवाल्याचं वीजघर त्याच्या पोटात असायचं.

आमच्या पिढीचं इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-2. पहिली 1962 मध्ये अमेरिकेतून आली आणि 1964 पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती, 5000 लिटरची तेलाची टाकी. ड्रायव्हरने नॉच, म्हणजे जोराची पायरी, वाढवला की आधी काळा धूर उसळायचा, कारण तेल लगेच वाढतं पण टर्बो फिरून पुरेशी हवा द्यायला दोन-चार क्षण घेतो. मग तो धूर विरळ होत जायचा आणि आवाज ठोक्याठोक्याने चढत जायचा. लांबून नुसत्या आवाजावरून मी सांगायचो की हा भरलेली मालगाडी ओढतोय का रिकामी. पुढे डब्ल्यूडीजी-4 आलं, 4000 अश्वशक्तीचं. त्याचा आवाज वेगळा, एकसुरी घुमणारा. तुला झोपेत ऐकू यायचं ते बहुधा हेच.

रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सगळ्या मार्गावर तारा आल्या आणि 20 जून 2022 रोजी पंतप्रधानांनी त्या विद्युतीकरणाचं लोकार्पण केलं. तेव्हापासून डिझेल मागे पडत गेलं. पण सगळी भंगारात गेली नाहीत. अपघात मदत गाडीला, यार्डात डबे इकडून तिकडे हलवायला (शंटिंगला), तार तुटली किंवा वीज गेली तर गाडी ओढायला डिझेल लागतंच. तारांची दुरुस्ती करणारी जी पिवळी टॉवर गाडी तू पाहिली असशील, तीही डिझेलवरच चालते, कारण दुरुस्तीच्या वेळी तारेत वीजच नसते. काही इंजिनं देशाबाहेर गेली. बांगलादेशला भारताने 2020 मध्ये दहा आणि 2023 मध्ये वीस ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांवरची, डिझेल इंजिनं दिली. 2018 मध्ये वाराणसीला डिझेल इंजिनाचं रूपांतर करून विजेचं इंजिनही बनवलं होतं.

मला डिझेलची आठवण येते, पण ते परत यावं असं मी म्हणणार नाही. त्याचं कारण करबुड्याचा बोगदा. उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या मधला हा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. धूर बाहेर काढायला त्यात मोठाले पंखे बसवलेत, तरी पावसाळ्यात भरलेली मालगाडी चढावर ओढत नेताना डिझेल इंजिन जो धूर सोडायचं तो सगळा मागे, गार्डाच्या डब्याकडे यायचा. बोगद्याचं तोंड दिसलं की मी डब्याचा दरवाजा ओढून घ्यायचो, पंचा पाण्यात भिजवून नाकातोंडाला बांधायचो आणि घड्याळाकडे बघत बसायचो. सात मिनिटं, कधी दहा. दिव्याच्या उजेडात धूर डब्याच्या फटींतून आत येताना दिसायचा. बाहेर पडल्यावर एकदम ओल्या मातीचा वास यायचा, आणि पंचा सोडला की नाकासमोर जिथं घडी असायची तिथं दोन काळे डाग. ते डाग साबणाने जात नाहीत. आमच्या मंडळींनी माझे पंचे वेगळे ठेवले होते. घरातल्या दुसऱ्या कपड्यांना ते लागू द्यायचे नाहीत. आत्ताच्या गार्डला, म्हणजे ट्रेन मॅनेजरला, हा धूर खावा लागत नाही याचा मला मनापासून आनंद आहे.

आता दोन गोष्टी तुझ्यासाठी आणि तुझ्या मित्रांसाठी, त्या घरातही वाचून दाखव. पहिली, विजेच्या इंजिनाची गाडी फार हळू आवाजात येते. डिझेल दोन डोंगर पलीकडून कळायचं, हे कळत नाही. रुळावरून चालण्याची किंवा गुरं पलीकडे नेण्याची जुनी सवय आता जिवावर बेतेल. दुसरी, वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात. त्या तारेला हात लागावाच लागतो असं नाही, जवळ गेलं तरी धक्का बसतो. दोन मीटरच्या आत काहीही नेऊ नये. रुळालगतच्या कलमांवरचे आंबे काढताना झेल्याचा लांब बांबू, तोही दवाने ओला, त्या तारेकडे झुकला तर काय होईल ते मी लिहीत नाही. बागायतदारांनी गड्यांना हे दर हंगामात सांगावं.

प्रश्न : राजापूर रोड स्टेशनपासून जवळच माझं खताचं आणि सिमेंटचं दुकान आहे. स्टेशनवर जास्तीची लाइन आहे, तिथे मालगाड्या तासन्‌तास उभ्या असतात आणि निघून जातात. माझे वडील कोल्हापूरला अडतीवर होते. ते सांगायचे की गुळाची एकेक वाघीण बुक होऊन कुठल्याही स्टेशनला जायची. मग माझ्यासाठी सिमेंटची एक वाघीण इथे का सोडत नाहीत? स्टेशन असून आम्हाला उपयोग काय?

दादा, तुमच्या वडिलांनी सांगितलं ते अगदी बरोबर आहे. तुमचा प्रश्न मी गेली पंचवीस वर्षं ऐकतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पूर्वी एक व्यापारी एक वाघीण बुक करू शकायचा. एवढंच नाही, दहा पोती असली तरी ती घेतली जायची. लहान लहान स्टेशनांवर थांबत जाणारी मालगाडी असायची. ती इथे एक डबा सोड, तिथून दोन उचल, असं करत मोठ्या यार्डात पोचायची. यार्डात डबे सुटे करून, ज्या त्या दिशेच्या गाडीला जोडून पुढे पाठवायचे. यात वाघीण वाटेत आठवडे काढायची. ती चालायची थोडी आणि उभी जास्त. 1980 च्या दशकापासून रेल्वेने ही पद्धत मोडीत काढायला घेतली. एका ठिकाणी भरलेली अख्खी गाडी, म्हणजे रेक, दुसऱ्या एका ठिकाणी नेऊन रिकामी करायची, हा नवा नियम. कोळसा, सिमेंट, खत, धान्य यांना तो सोयीचा होता. त्यामुळे रेल्वेचा माल वाढलाही. पण तुमच्या वडिलांची एक वाघीण त्यात संपली. लहान स्टेशनांचे मालधक्के ओस पडले, छपरांचे पत्रे गेले, पुढे त्यांचे रूळही उखडले गेले.

आता आपल्याकडचं बघा. कोकण रेल्वे पूर्ण लांबीने सुरू झाली 26 जानेवारी 1998 रोजी. म्हणजे बाकीच्या देशात किरकोळ मालाचे दिवस सरले, तेव्हा आपल्याकडे रेल्वे आली. आपल्या लहान स्टेशनांनी ते दिवस कधी पाहिलेच नाहीत. देशावरच्या गावांनी निदान मालधक्का गमावला, आपल्याला तो मिळालाच नव्हता.

एक रेक म्हणजे किती, ते सांगतो. बंद वाघिणींचा रेक चाळीस-बेचाळीस डब्यांचा असतो. त्यात अडीच हजार टनांच्या आसपास माल मावतो. हापूसची पाच डझनांची पेटी वीस किलोची धरली तर सव्वा लाख पेट्या होतात. आंब्याच्या भरात सगळा तालुका एकत्र आला तरी एका दिवसात एका स्टेशनवर सव्वा लाख पेट्या आणणं, त्या उतरवून, मोजून, चढवून काही तासांत रेक मोकळा करणं जमणार नाही. आणि वेळेत मोकळा केला नाही तर दंड पडतो. म्हणून तुमच्या स्टेशनवर मालगाडी थांबते ती क्रॉसिंगसाठी, म्हणजे दुसऱ्या गाडीला वाट द्यायला. तुमच्यासाठी नाही, हे वाईट वाटलं तरी खरं आहे.

पण कोकण रेल्वेने याच्यावर एक उपाय काढला होता आणि मला तो आजही फार शहाणपणाचा वाटतो. 26 जानेवारी 1999 रोजी रो-रो सुरू झाली. सपाट वाघिणीवर भरलेला ट्रक चढवायचा आणि गाडी न्यायची. कोलाड ते गोव्यातलं वेर्णे हा मुख्य पल्ला. एक वाघीण बुक करणारा व्यापारी गेला होता, तो ट्रकच्या रूपाने परत आला. ट्रकवाल्याने तुमच्या दुकानापासून माल घ्यायचा, कशेडी, भोस्ते, परशुराम हे घाट चाकं न झिजवता रुळांवरून उलटायचे, आणि पुढे पुन्हा रस्त्याने जायचं.

रो-रोवर मी पुष्कळ फेऱ्या केल्या. भरताना वजन आणि उंची मोजायची. उंचीला फार जपायचं, कारण बोगद्यांची छतं कोणाची भीड ठेवत नाहीत. ट्रक एकामागून एक, एका टोकाच्या डब्यावरून चढून शेवटपर्यंत चालत जातात. मग चाकांना लाकडी गुटके आणि साखळ्या. मी प्रत्येक साखळी पायाने दाबून बघायचो. सैल असली तर ती पायाखाली कुरकुरते. ड्रायव्हर आणि क्लीनर आपापल्या केबिनमध्येच बसून यायचे. पहिल्या वेळी येणारा ड्रायव्हर स्टिअरिंग धरून बसायचा. गाडी वळणावर आली की त्याचे हात आपोआप वळायचे. दुसऱ्या फेरीला तोच पाय वर घेऊन झोपलेला असायचा. एका पंजाबी ड्रायव्हरने मला सांगितलं होतं की इतकी वर्षं या रस्त्याने जातोय, पण ही नदी आज पहिल्यांदा पाहिली. वाशिष्ठीचा पूल होता तो.

2025 च्या गणपतीला हीच सोय चाकरमान्यांच्या मोटारींसाठीही करून बघितली, तुम्ही वाचलं असेल.

तर तुम्ही काय करावं? एकट्याने वाघीण मागू नका, ती मिळणार नाही. तुमच्यासारखे पंधरा-वीस दुकानदार आणि दोन-तीन बागायतदार संस्था मिळून दोन मागण्या लावून धरा. एक, रो-रोच्या गाडीला आपल्या जिल्ह्यात ट्रक चढवण्या-उतरवण्याचा थांबा. दुसरी, आंब्याच्या हंगामात पार्सल डबा. मागणी करताना प्रवाशांच्या सह्या जोडू नका, मालाचे आकडे जोडा. मार्च ते मे रोज किती पेट्या, किती ट्रक, कुठल्या दिशेला, वहीतून काढून द्या. सह्यांच्या पत्रांना पोच मिळते. टनांच्या पत्रांना माणूस पाठवून चौकशी होते, हे मी स्वतः पाहिलंय.

प्रश्न : मी आता दापोलीला असते, पण माझं माहेर यवतमाळचं. लहानपणी आम्ही शकुंतलेतून, म्हणजे तिथल्या छोट्या नॅरोगेज गाडीतून, मूर्तिजापूरला जायचो. वाफेचं इंजिन काढून डिझेल आलं तेव्हा गावाला वाटलं, आता आपली गाडी टिकली. तरी ती बंद पडलीच. नवं इंजिन येऊनही लाइन का मरते? आणि पत्रकार तिला ‘तोट्यातली गाडी’ म्हणतात तेव्हा मला त्रास होतो. तो तोटा कोणामुळे?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. शकुंतलेवर मी काम केलेलं नाही. पण माझ्या नोकरीची सुरुवातीची बारा वर्षं कुर्डुवाडीला, बार्शी लाइनवर गेली. तीही अडीच फुटांची नॅरोगेज, तीही मुळात कंपनीची. त्यामुळे तुमचं दुखणं मला आतून माहीत आहे.

शकुंतलेची हकिगत थोडक्यात अशी. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर, मूर्तिजापूरहून दुसरा फाटा अचलपूरला. ती बांधली वऱ्हाडातला कापूस मुंबईला पोचवण्यासाठी. माणसं नंतर बसली. तिचं वाफेचं इंजिन 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेलं, ते 1994 च्या एप्रिलपर्यंत चाललं आणि मग डिझेल आलं. तुम्ही म्हणता ते हेच.

डिझेल आलं, पण तोवर कापूस ट्रकवर गेला होता. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. इंजिन हे ओढायचं साधन. ओढायला माल नसेल तर वाफ असो, डिझेल असो, वीज असो, काही फरक पडत नाही. ज्या लाइनीचं अर्धं अंग मालावर उभं होतं, तिला नुसत्या प्रवासी तिकिटावर उभं केलं. ग्रामीण भागात तिकीट स्वस्त ठेवावंच लागतं आणि ते योग्यच आहे. पण मग स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ओंडके, बदलायला, पूल दुरुस्त करायला पैसा कुठून येणार? स्लीपर कुजले म्हणून वेग कमी करतात. वेग कमी म्हणून लोक एसटीने जातात. लोक एसटीने गेले म्हणून फेऱ्या कमी होतात. शेवटी कागदावर तोटा दिसतो, आणि तो त्या शेवटच्या प्रवाशांच्या नावावर मांडला जातो. तो त्यांचा नव्हता, ताई. माल गेला त्या दिवशी तो सुरू झाला होता.

माल का जातो, हे मी कुर्डुवाडीला डोळ्यांनी पाहिलं. बार्शी लाइन 1897 मध्ये सुरू झाली. पंढरपूर 1906, लातूर 1911, मिरज 1927, अशी ती वाढत गेली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती फार हुशारीने बांधली होती. वजन सगळ्या आसांवर सारखं वाटायचं, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त नाही, त्यामुळे हलक्या रुळांवरून बराच माल जायचा. दोष लाइनीत नव्हता. दोष होता कुर्डुवाडीच्या धक्क्यावर.

तिथे एका बाजूला नॅरोगेजची वाघीण, दुसऱ्या बाजूला ब्रॉडगेजची, आणि मध्ये दगडी धक्का. लातूरची डाळ आली की प्रत्येक पोतं हमालाने पाठीवर घेऊन इकडून तिकडे न्यायचं. पोत्याला लोखंडी आकडा मारला की भोक पडतं. त्या भोकातून डाळ गळत जायची, इतकी की धक्क्याच्या मधोमध एक पिवळी रेघ उमटायची आणि तिच्यावर चिमण्या तुटून पडायच्या. मुकादम खडूने वाघिणीच्या दारावर पाच-पाचच्या रेघा ओढत मोजायचा. मोठी वाघीण भरायला छोट्या तीन-तीन लागायच्या. तिसरी आली नसेल तर पहिल्या दोन थांबून राहायच्या. पाऊस आला तर सगळंच थांबायचं. माल पोचल्यावर दोन पोती कमी भरली की व्यापारी दावा लावायचा आणि त्या कागदाचा प्रवास मालाहून लांब चालायचा. ट्रक आला तो लातूरच्या अडतीतून थेट मुंबईच्या गोदामात. एकदा भरला, एकदा उतरवला. व्यापाऱ्याने कोणाला निवडावं?

बार्शी लाइनवरही वाफ जाऊन छोटं डिझेल आलेलं मी पाहिलं. सुबक इंजिन होतं, कामालाही चांगलं. आम्ही त्याला हार घातला होता. पण त्याच्या मागे मी जी मिश्र गाडी चालवायचो, तिच्यात मालाच्या वाघिणी आधी आठ असायच्या, मग चार, मग एक. एके दिवशी गाडी सुटायच्या आधी मी सील आणि लेबलं तपासायला निघालो आणि लक्षात आलं की तपासायला काही नाही. गार्डाच्या जर्नलमध्ये मालाच्या रकान्यात मी ‘निरंक’ लिहिलं. तो शब्द लिहिताना पेन अडखळला, ते मला अजून आठवतं. प्रवासी डबे तेव्हा गच्च भरलेले होते, पंढरीची माणसं टपावर चढायला बघत होती. बघणाऱ्याला वाटलं असतं, काय जोरात चाललीय लाइन.

बार्शी लाइनीचं नशीब बरं. ती बंद झाली ती रुंद होण्यासाठी. कुर्डुवाडी-लातूर 2008 पर्यंत ब्रॉडगेज झाली, मिरजेची बाजू त्यानंतर. धक्क्यावरची ती हमाली संपली. तुमच्या यवतमाळला वर्ध्याहून नांदेडकडे जाणारी नवी ब्रॉडगेज बांधली जातेय, पण ती वेगळ्या वाटेने. मूर्तिजापूरच्या वाटेवरच्या गावांना तिचा उपयोग नाही, आणि त्या गावांची बाजू तुम्ही मांडत राहावी असं मला वाटतं. गेज रुंद करा एवढीच मागणी पुरेशी नाही. रुंद झालेल्या लाइनीवर कापसाच्या गाठी कुठे चढणार, धक्का कुठे, हेही त्याच पत्रात विचारा. धक्का नकाशात नसेल तर तीस वर्षांनी तुमची नात मला, म्हणजे माझ्या जागी बसलेल्याला, हेच पत्र लिहील.

प्रश्न : संगमेश्वरला आमची गाडी अर्धा-पाऊण तास रखडते आणि शेजारी मालगाडीही तशीच उभी. दोघी उभ्या, मग जातंय कोण?

तिसरी जाते. रोहा ते वीर हा 46 किलोमीटरचा पट्टा 2021 मध्ये दुहेरी झाला, त्याच्या खाली मार्ग एकेरीच आहे. समोरून वंदे भारत किंवा राजधानी येत असली तर तुम्हीही थांबता आणि मालगाडीही थांबते. फरक इतकाच की तुम्ही पाऊण तास थांबता आणि ती कधी कधी पाच तास. पुढच्या वेळी खिडकीतून तिच्या ड्रायव्हरला हात करा. तो कधीपासून उभा आहे हे कोणी विचारत नाही.

प्रश्न : हल्ली काही मालगाड्यांच्या शेवटी गार्डचा डबा दिसत नाही. मग गाडी पूर्ण आली, मध्येच तुटून डबे मागे राहिले नाहीत, हे स्टेशन मास्तरांना कसं कळतं? (एक निवृत्त शिक्षक, खेड)

गुरुजी, फार नेमका प्रश्न विचारलात. गार्डच्या डब्याऐवजी आता काही गाड्यांना शेवटच्या वाघिणीवर एक यंत्र लावतात. ते शेवटच्या टोकाचा हवेचा दाब मोजून इंजिनातल्या ड्रायव्हरला रेडिओने कळवतं. गाडी तुटली तर पाइप तुटतो, दाब पडतो आणि ब्रेक आपोआप लागतात. शिवाय बऱ्याच ठिकाणी रुळाला आस मोजणारी यंत्रं आहेत. जेवढे आस आत गेले तेवढेच बाहेर आले तरच लाइन मोकळी धरतात.

पण जुना नियम अजून रद्द झालेला नाही आणि होऊ नये. शेवटच्या डब्यावर दिवसा ‘एल व्ही’ची पाटी आणि रात्री लुकलुकणारा तांबडा दिवा असतो. एल व्ही म्हणजे शेवटचं वाहन. स्टेशन मास्तर किंवा पॉइंट्समन तो डोळ्यांनी बघतो, मगच मागच्या स्टेशनला गाडी पूर्ण आल्याचं कळवतो. माझं घर रुळापासून हाकेच्या अंतरावर आहे. मालगाडी गेली की मी अजून पडवीत उठून शेवटचा डबा बघतो. पाटी किंवा दिवा नसलेली गाडी तुम्हाला कधी जाताना दिसली, तर वेळ आणि दिशा लक्षात ठेवा आणि जवळच्या स्टेशनला लगेच कळवा. स्टेशन लांब असेल तर 139 ला फोन लावा.